बुरशीच्या एन्झाइमने काढलेला अगार दर वेळी मऊच पडतो: दोष कुठे शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. ग्रॅसिलेरिया हे लाल समुद्री शेवाळ (जेली धरणारा अगार याच्यातून निघतो) स्वच्छ धुतलं, सेल्युलेज हे बुरशीचं एन्झाइम घातलं, रात्रभर ५० अंशांवर ठेवलं, सकाळी उकळून गाळलं. उतारा चांगला, नुसत्या उकळण्याने मिळतो त्याहून जास्त. पण वाळलेल्या अगारची दीड टक्क्याची जेली लावली की खरवसासारखी वडी पडत नाही. वाटी तिरकी केली की सगळं हलतं, बोट लावलं की लापशी. पुढच्या खेपेला एन्झाइम अर्ध्यावर आणलं जातं. जेली तितकीच मऊ, वर उताराही घसरलेला. तिसऱ्या खेपेला एन्झाइमचा पुरवठादार बदलतो, आणि तरी तेच.

एन्झाइमवर संशय जाणं साहजिक आहे, कारण कृतीत नवीन आलेली गोष्ट तीच. पण ट्रायकोडर्मा रीसाय किंवा ॲस्परजिलस नायजर या बुरशींचं सेल्युलेज ग्लुकोजच्या साखळ्या तोडतं. अगारची साखळी ग्लुकोजची नाहीच. ती गॅलॅक्टोज आणि ३,६-अनहायड्रोगॅलॅक्टोज यांची आहे, आणि ती तोडणारी अगारेज एन्झाइमं प्रामुख्याने समुद्री जिवाणूंकडे असतात. बुरशीचं एन्झाइम शेवाळाच्या पेशीभित्तिकेतला सेल्युलोज सैल करतं, म्हणजे कुंपण काढतं. आतल्या पिकाला ते हात लावत नाही.

पीक करपतं ते आम्लात उकळल्याने. या एन्झाइमांना पीएच ४.८ ते ५ लागतो. अगारला उकळताना ६.५ ते ७.५ लागतो, कारण अनहायड्रोगॅलॅक्टोजजवळचा बंध आम्ल आणि उष्णता एकत्र आली की पटकन तुटतो. ५० अंशांवर १४ तास पीएच ५ मध्ये अगारचं फारसं बिघडत नाही. त्याच पीएचला दीड-दोन तास उकळलं तर साखळ्यांचे तुकडे होतात. मधे पीएच वर आणायचा असतो, आणि बहुतेकांच्या वहीत ती ओळच नसते. काहींच्या वहीत असते, पण तिथे बफर आडवा येतो. ५ वर धरून ठेवणं हेच सायट्रेट बफरचं काम, आणि उकळत्या पातेल्यातही तो ते इमानेइतबारे करत राहतो. दोन-चार थेंब कॉस्टिक सोडा घालून तो हलत नाही.

आता हे सगळं गृहीत न धरता आपल्याच शेवाळावर तपासून घ्यायचं.

पाच बाटल्यांची चाचणी

उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या काचेच्या ५०० मिलीच्या पाच बाटल्या घ्या. अल्कली प्रक्रिया (पुढे दिली आहे) झालेलं एकाच पोत्यातलं शेवाळ प्रत्येकीत १५ ग्रॅम कोरड्या वजनाइतकं, आणि द्रव ३०० मिली.

पहिलीत साधं पाणी, पीएच ७, एन्झाइम नाही. दुसरीत सायट्रेट बफर, एन्झाइम नाही. तिसरीत बफर आणि १५ मिनिटं उकळून मारलेलं एन्झाइम. चौथीत बफर आणि जिवंत एन्झाइम. पाचवी अगदी चौथीसारखीच, फक्त उकळण्याआधी बफर ओतून द्यायचा, शेवाळ दोनदा धुवायचं आणि ३०० मिली नव्या पाण्यात पीएच ७ वर आणायचं. पाचही बाटल्या ५० अंशांवर १४ तास ठेवा, मग उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ९० मिनिटं. उडालेलं पाणी वजन करून भरून काढा, गरम असतानाच गाळा, गोठवून-वितळवून वाळवा आणि प्रत्येकाची १.५ टक्क्याची जेली लावा.

बफरसाठी १ लिटरला सायट्रिक ॲसिड मोनोहायड्रेट ४.३ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट ८.७ ग्रॅम. हा ०.०५ मोलरचा, पीएच ५ च्या आसपासचा बफर होतो. मीटरवर पाहून शेवटचा हात फिरवा. सायट्रिक ॲसिड बिनपाण्याचं असेल तर ३.९ ग्रॅम.

निकाल असा वाचायचा. पहिली घट्ट आणि दुसरीपासून चौथीपर्यंत सगळ्या मऊ, पण पाचवी घट्ट, तर दोष आम्लात उकळण्याचा. बहुतेक ठिकाणी हेच निघतं, आणि दुसऱ्या बाटलीत तर एन्झाइमचा कणही नसतो, त्यामुळे वाद तिथेच संपतो. पहिलीसुद्धा मऊ निघाली तर एन्झाइमचा विषयच सोडा. अल्कली कमी पडली आहे किंवा शेवाळ वाटेत कुजलं आहे. पहिली-दुसरी ठीक आणि तिसरी-चौथी मऊ, तर एन्झाइमच्या पावडरमधला भराव तपासा. पावडरमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज किंवा मीठ मिसळलेलं असतं. ते धुतलं न जाता अगारबरोबर वाळलं तर वजनात मोजलं जातं, उतारा फुगतो, आणि तुम्ही दीड टक्का समजून मोजता ते खरं तर एक टक्काच असतं. फक्त चौथी आणि पाचवी मऊ पडल्या तर मात्र त्या एन्झाइममध्ये नको ती क्रिया आहे किंवा रात्रीत जिवाणू वाढले आहेत, कारण जिवंत एन्झाइमने सुटी केलेली साखर त्यांना आयतं खाद्य म्हणून मिळते. हे क्वचित होतं, पण होतं.

पाचवी बाटली कंटाळा करून वगळू नका. चार बाटल्या रोग दाखवतात, औषध पाचवीत आहे.

पीएच वर आणताना

एन्झाइमचा काळ संपला की द्रव चाळणीतून काढून टाका. ५० अंशांवर अगार वितळत नाही, तो शेवाळातच असतो. द्रवात गेलेली असते ती साखर, रंग, प्रथिनं आणि थोडे आखूड तुकडे. ते गेलेलेच बरे. मग साध्या पाण्यात १०-१० मिनिटं दोनदा धुवा. तिसऱ्या पाण्यात खायचा सोडा चिमूटचिमूट घालत पीएच ७ करा आणि २० मिनिटं थांबा. थांबायचं अशासाठी की बाहेरचं पाणी ७ दाखवत असतं तेव्हा कांड्याच्या आत अजून ५.५ असतो. एक कांडी काढून चमच्याने चिरडा आणि निघालेल्या रसावर पट्टी टेकवा. पट्टी ४ ते ७ अशा अरुंद टप्प्याची घ्या. १ ते १४ ची पट्टी ५.५ आणि ६.५ मधला फरक नीट सांगत नाही.

सोडा थोडा जास्त पडला तर अगार जरा पिवळसर होईल, पण घट्टपणा जाणार नाही. चूक करायचीच असेल तर या बाजूला करा.

पीएच मीटर वापरत असाल तर ४ आणि ७ च्या द्रावणांवर रोज लावून घ्या, आणि इलेक्ट्रोड गरम अगारमध्ये कधीही बुडवू नका. काचेच्या फुग्यावर जेली धरते, मग तो दिवसभर एकच आकडा दाखवत बसतो आणि दोष शेवाळाला दिला जातो.

पीएच घसरण्याचा उलटा प्रकारही पाहायला मिळतो: रात्री ५ वर लावलेला पीएच सकाळी ६.५. अल्कलीनंतर धुणं कमी पडलं की कांड्यातलं कॉस्टिक हळूहळू बाहेर झिरपतं. दुसरं कारण म्हणजे शेवाळाला चिकटलेले शिंपल्यांचे आणि प्रवाळाचे बारीक कण. आम्ल घातल्यावर बुडाशी बारीक बुडबुडे फुटताना दिसले तर तेच समजा. हे कण म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते घातलेलं आम्ल खात राहतं. ६.५ वर सेल्युलेज जवळजवळ झोपतं, उतारा वाढत नाही आणि नाव पुन्हा एन्झाइमचंच खराब होतं. म्हणून पीएच एन्झाइम घालण्याआधी, अर्ध्या तासाने आणि दोन तासांनी, असा तीनदा पाहायचा. मोठ्या घाण्यात बफर न वापरता साध्या पाण्यात पातळ ॲसेटिक आम्लाने पीएच धरणारेही आहेत. स्वस्त पडतं आणि नंतर धुवायला सोपं जातं, पण तीनऐवजी दर तासाला पाहावं लागतं.

घट्टपणा अल्कलीतून येतो

हे एकदा नीट समजलं की निम्मे प्रश्न सुटतात: एन्झाइम उतारा वाढवतं, ताकद वाढवत नाही. ग्रॅसिलेरियाच्या कच्च्या अगारमध्ये साखळीवर जागोजागी सल्फेट बसलेला असतो (एल-गॅलॅक्टोज-६-सल्फेट). तिथे साखळीला बाक येतो आणि दोन साखळ्या एकमेकींभोवती नीट वळत नाहीत. गरम कॉस्टिक तो सल्फेट काढतं, तिथे अनहायड्रोगॅलॅक्टोजची कडी बनते, बाक सरळ होतो. नुसतं एन्झाइम वापरून अल्कली टाळायची असं कोणी सुचवत असेल तर मऊ जेलीची तयारी ठेवून ऐका. जेलिडियम वर्गातल्या शेवाळात हा सल्फेट मुळातच कमी, तिथे अल्कलीवाचून चालतं.

प्रमाण असं: ५ टक्के कॉस्टिक सोडा, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम. १०० ग्रॅम कोरड्या शेवाळाला दीड ते दोन लिटर. ८० ते ८५ अंश, २ तास. ७० च्या खाली क्रिया रेंगाळते आणि ९० च्या वर शेवाळातला अगारच वितळून कॉस्टिकमध्ये उतरायला लागतो. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर नाही. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. पातेलं स्टेनलेस स्टीलचं. ॲल्युमिनियमचं डबल-बॉटम पातेलं कॉस्टिक खातं, फेसाळून हायड्रोजन सोडतं आणि शेवाळ काळवंडतं. पुण्याच्या तांबट आळीतलं सुंदर तांब्याचं पातेलंही नको, कारण तांब्याचे आयन सेल्युलेजला मारक असतात. बोहरी आळीत साध्या स्टीलची हवी त्या मापाची पातेली मिळतात, तीच बरी.

अल्कली आधी, एन्झाइम नंतर. हा क्रम उलटवू नका. अल्कलीने सेल्युलोज फुगतो आणि एन्झाइमला आत शिरायला वाट मिळते. उलट केलं तर एन्झाइमने सैल झालेलं शेवाळ गरम कॉस्टिकमध्ये विरघळून मोरीत जातं.

धुणं कंटाळवाणं आहे, सहा-सात पाणी लागतात. धुतलेल्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब गुलाबी होईनासा झाला की पुरे. मग ०.२ टक्के सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात अर्धा तास, आणि पीएच ५ ला लावा.

ब्लीच करत असाल तर तेही अल्कलीनंतर, पातळ हायपोक्लोराइटमध्ये थोडा वेळच. जास्त वेळ ठेवलं की अगार पांढराशुभ्र होतो आणि मऊही, कारण क्लोरीनही साखळ्या तोडतो. उरलेला क्लोरीन एन्झाइमलाही मारतो, त्यामुळे वास पूर्ण जाईपर्यंत धुवा.

पावडर खरंच सेल्युलेज आहे का

कृषी सेवा केंद्रात ‘ट्रायकोडर्मा’ नावाचं पाकीट स्वस्तात मिळतं, आणि बुरशीचं नाव तेच असल्याने ते शेवाळात घातलं जातं. त्यात एन्झाइम नाही, बहुधा टाल्कमध्ये मिसळलेले बुरशीचे जिवंत बीजाणू असतात. ते मातीत मर रोगासाठी आहे. ५० अंशांवर ते काही करणार नाहीत, आणि टाल्कने गाळणी तेवढी भरेल. औषधाच्या दुकानातल्या पचनाच्या गोळ्यांमधलं ‘फंगल डायस्टेज’ हे ॲस्परजिलस ओरायझीचं, पण ते स्टार्च तोडतं. लाल शेवाळात स्वतःचा एक स्टार्च असतो, तो निघाल्याने अगार थोडा स्वच्छ होतो. उतारा त्याने वाढत नाही. पेक्टिनेजबद्दलचा गोंधळ नावामुळे आहे. अगारमधल्या एका भागाला अगारोपेक्टिन म्हणतात म्हणून पेक्टिनेज घालायचं, असा तर्क चालतो. अगारोपेक्टिन हे पेक्टिन नाही, पेक्टिनेज त्याला ओळखतही नाही.

खात्री करायची साधी रीत: व्हॉटमन नंबर १ गाळण कागदाची १ × ६ सेंटिमीटरची पट्टी कापा, साधारण ५० मिलिग्रॅम भरते. ती १.५ मिली बफरमध्ये पावडरच्या चिमटीबरोबर ५० अंशांवर रात्रभर ठेवा. सकाळी नळी हलवल्यावर पट्टी भाताच्या पेजेसारखी फुटली तर सेल्युलेज जिवंत आहे. लघवीतली साखर तपासायची पट्टी बुडवली तर ग्लुकोजही दिसेल. मात्र शेजारी कागद न घातलेली नळीही ठेवा, नाहीतर पावडरमधला डेक्स्ट्रोजच रंग दाखवेल आणि मेलेलं एन्झाइम पास होईल.

मात्रेची सुरुवात प्रति ग्रॅम कोरड्या शेवाळाला ५ ते १० फिल्टर पेपर युनिटपासून (गाळण कागदावर मोजलेली सेल्युलेजची ताकद) करा. पाकिटावर ग्रॅमला १०० युनिट लिहिले असतील तर १०० ग्रॅम शेवाळाला ५ ते १० ग्रॅम पावडर. पाकिटावर युनिट कोणते लिहिले आहेत ते नीट वाचा. सीएमसी युनिटचा (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजवर मोजलेली ताकद) आकडा त्याच पावडरसाठी कितीतरी मोठा येतो. दोन्ही एक समजून मोजलं तर मात्रा दहावा हिस्साच पडते. पावडर मोजताना तोंडाला मास्क लावा. बुरशीच्या एन्झाइमची धूळ वारंवार श्वासात गेली तर दमा लागू शकतो.

स्वतः एन्झाइम वाढवणाऱ्यांसाठी एक इशारा. कल्चर पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीव संग्रहातून ओळख पटलेलं घ्या. पावावरची बुरशी खरवडून वाढवू नका. ती ॲस्परजिलस फ्लेव्हस निघाली तर अफ्लाटॉक्सिन पदरात पडेल. ॲस्परजिलस नायजर गव्हाच्या कोंड्यावर छान वाढते, पण ती स्वतः आम्ल बनवते. सायट्रिक ॲसिडचं औद्योगिक उत्पादन याच बुरशीवर चालतं. त्यामुळे कोंड्यातून काढलेला अर्क आधीच चांगला आंबट असू शकतो. तो मोजल्याशिवाय शेवाळावर ओतला की पहिल्या भागातलाच आजार दुप्पट जोमाने येतो.

गाळणी तुंबते, जेली गढूळ येते

हा दुसरा नेहमीचा प्रश्न, आणि इथे मात्र एन्झाइम खरोखर दोषी असतं. जास्त वेळ ठेवलं की शेवाळाचा चिखल होतो. अगार निघतो, पण बारीक कण कापडाच्या छिद्रांत बसतात. घड्याळाकडे पाहण्यापेक्षा बोटाने पाहा. आठव्या तासापासून दर दोन तासांनी एक कांडी चिमटीत दाबा. सुरुवातीला ती रबरासारखी परत उभी राहते. मग चपटी होते आणि चपटीच राहते, इथे थांबायचं. बोटांवर पसरून लगदा झाली तर उशीर झाला. शेवाळ मिक्सरमध्ये पूड करून घालायची सवयही सोडा, अर्धा ते एक सेंटिमीटरचे तुकडे पुरतात.

गाळताना तापमान ८० च्या खाली जाऊ देऊ नका. ग्रॅसिलेरियाचा अगार ४० अंशांच्या जरा वरच धरू लागतो, आणि थंड स्टीलच्या चाळणीला लागताक्षणी कडेला धरतो. चाळणी, कापड आणि खालचं भांडं, तिन्ही उकळत्या पाण्यातून काढून घ्या. आधी जाड मलमल, मग दुहेरी बारीक कापड. पिळू नका, पिळलं की चिखल पलीकडे जातो. अगदी स्वच्छ हवा असेल तर दुसऱ्या गाळणीत डायटमची माती एक टक्का घाला.

पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, कारण शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. ग्रॅसिलेरियाला एवढं पुरतं. जेलिडिएला किंवा जेलिडियमसारख्या चिवट शेवाळाला उघड्या पातेल्यात कितीही वेळ दिला तरी उतारा रडका येतो, तिथे प्रेशर कुकरच लागतो. एन्झाइम घातल्याने कुकर टळेल ही अपेक्षा ठेवू नका, फार तर कुकरचा वेळ कमी होईल. आणि कुकरमध्ये पीएचची चूक दुप्पट महाग पडते, कारण ११० अंशांच्या वर आम्ल कितीतरी भराभर तोडतं.

पुण्यातल्या काही अडचणी

शेवाळ इथे बहुधा तमिळनाडूच्या मंडपम-रामेश्वरम किनाऱ्यावरून पोत्यांत येतं. जून ते सप्टेंबरमध्ये ते वाटेत आणि इथे आल्यावरही ओल धरतं. ओल २० टक्क्यांच्या वर गेली की त्याच्याबरोबर आलेले जिवाणू कामाला लागतात, आणि अगार खाणारे जिवाणू समुद्रातलेच, म्हणजे पोत्यात आयतेच बसलेले. पोतं उघडल्यावर सुक्या मासळीचा वास हरकत नाही. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर त्यातून घट्ट अगार मिळणार नाही, कितीही कॉस्टिक घाला. १० ग्रॅम शेवाळ ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून ओल मोजा आणि सगळी प्रमाणं कोरड्या वजनावर धरा. नाहीतर पावसाळ्यातला उतारा उगाच कमी दिसतो. एन्झाइमची बाटलीही फ्रिजमधून काढल्यावर बाहेरच्या तापमानाला आल्यावरच उघडा. थंड पावडरवर पावसाळी हवा लागली की गुठळ्या होतात आणि ताकद उतरते.

गुरुवारी वीज किंवा पाणी बंद राहण्याची शक्यता धरूनच घाणा लावा. १४ तासांच्या मध्यात वॉटर बाथ बंद पडून तापमान ३५-४० ला आलं तर सेल्युलेज मंदावतं आणि जिवाणूंना मात्र तेच मानवतं. बाटल्या थर्माकोलच्या बॉक्समध्ये ५५ अंशांच्या पाण्यात ठेवल्या तर चार-पाच तास सहज निभावतात. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असतं, त्यातल्या बायकार्बोनेटमुळेही पीएच वर ओढला जातो. एन्झाइमच्या टप्प्याला आरओचं पाणी वापरा, धुण्याला कुठलंही चालेल.

एप्रिल-मे मध्ये ‘जेली धरतच नाही’ असं वाटण्याचं कारण कधी कधी फक्त खोली असते. ३८-३९ अंशांच्या खोलीत ४१ ला धरणारी जेली तासन्‌तास अर्धवट राहते. वाटी थंड पाण्यात ठेवा आणि मगच न्याय करा. फ्रिजमधली जेली आणि टेबलावरची जेली यांची तुलना करू नका. सगळ्या २० अंशांवर रात्रभर ठेवून मोजा.

जेली मोजायची कशी

‘घट्ट’ आणि ‘मऊ’ या शब्दांवर दोन माणसांचं एकमत होत नाही, म्हणून आकडा हवा. १.५ ग्रॅम अगार ९८.५ ग्रॅम पाण्यात उकळा, वजन करून १०० ग्रॅम पुरं करा, सपाट बुडाच्या वाटीत ओता. दुसऱ्या दिवशी वाटी डिजिटल काट्यावर ठेवून शून्य करा. ११.३ मिलिमीटर व्यासाची, सपाट टोकाची दांडी (तिचं क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर भरतं) जेलीच्या मध्यावर हळूहळू दाबा. पृष्ठभाग फुटण्याच्या क्षणी काट्यावरचा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. मोबाइलवर चित्रण करा, डोळ्याने तो आकडा पकडता येत नाही. तीन वाट्यांची सरासरी घ्या. बाजारातला चांगला खाद्य अगार ७०० च्या पुढे जातो. अल्कली न दिलेला ग्रॅसिलेरियाचा अगार १००-२०० वरच अडतो, आणि आम्लात उकळलेला तर दांडीच्या वजनानेच फाटतो.

त्याआधीची एक झटपट खूण गोठवण्यात मिळते. गाळलेला अगार थाळीत धरू द्या, पट्ट्या कापा, फ्रीजरमध्ये २४ तास ठेवा आणि चाळणीवर वितळू द्या. चांगल्या अगारची पट्टी पाणी सोडून स्पंजासारखी चिवट राहते, हातात उचलता येते, आणि मीठ-साखर त्या पाण्याबरोबर निघून जाते. साखळ्या तुटल्या असतील तर पट्टी भुसभुशीत होते, चाळणीतून पाण्याबरोबरच खाली जाते. असा घाणा वाळवण्यात गॅस घालवू नका. ओतून देण्याआधी फक्त त्या पाण्यावर पीएचची पट्टी टेकवा. ५ दाखवला तर तपास तिथेच संपला.

रत्नागिरी-मालवणच्या खडकांवरून तपकिरी शेवाळ आणून ही कृती करणाऱ्यांसाठी एवढंच: ते बहुधा सरगॅसम असतं, त्यात अगार नसतोच. त्यातून अल्जिनेट निघतं आणि ते थंड होऊन नव्हे, तर कॅल्शियमने धरतं. कप्पाफायकस या लाल शेवाळातून निघतं कॅराजीनन; ते मऊ पडलं तर आधी ०.२ टक्के पोटॅशियम क्लोराइड घालून पाहा, मग इथली बाकीची कारणं तपासा.